वाघ सगळ्यांनाच दिसतो

टिपेश्वरला जाऊन वाघ न पाहता परत आलेला माणूस मोबाइलवर मला आजवर भेटलेला नाही. प्रत्यक्षात असे लोक ढिगाने भेटतात. सकाळच्या सफारीनंतर पांढरकवड्यात एखाद्या चहाच्या टपरीवर उभं राहा, जिप्सीतून उतरलेली मंडळी लगेच ओळखू येतात. भुवयांवर धूळ, मान आखडलेली, गळ्यात कुणाची तरी मागून आणलेली दुर्बीण. "काय काय दिसलं?" म्हणून विचारलं की उत्तर चितळापासून सुरू होतं. जे उत्तर चितळापासून सुरू होतं त्यात वाघ नसतो, हा अनुभवाचा नियम आहे. ज्याला वाघ दिसला तो टपरीची वाटच पाहत नाही, जिप्सीतूनच ओरडत येतो. बाकीचे आधी चितळ सांगतात, मग मोर, मग रानडुक्कर, मग गरुड की ससाणा असं काहीतरी, आणि शेवटी हळूच म्हणतात, "पगमार्क ताजे होते." म्हणजे वाघ नुकताच येऊन गेला. म्हणजे तो होता. म्हणजे जवळपास दिसलाच.

संध्याकाळी स्टेटस उघडावेत तर ही चितळवाली मंडळी गायब. तिथे फक्त वाघवाले. वाघ चालताना, वाघ पाणी पिताना, वाघाची पाठ, वाघाचं शेपूट आणि झुडूप, नुसतंच झुडूप आणि त्यावर लाल गोल. अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं आहे आणि वाघ कोणाच्या तिकिटाला बांधील नाही, पण मोबाइलवर त्याची हजेरी शंभर टक्के. माझा नागपूरचा मेहुणा ते पाहून मला विचारतो, "भाऊजी, तुम्ही तं तिकडेच राहता. तुम्हाले अजून दिसला नाही?" आता याला काय सांगावं? हळूहळू मलाच वाटायला लागलं की वाघाने माझ्याबद्दल काहीतरी मनात धरलं आहे.

मोबाइलच्या जमान्याला शोभेल असं एकच प्रवासवर्णन आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून घडलं आणि तेही वाघानेच घडवलं. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण नर गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला. तेलंगणात डोकावला, मराठवाड्यातून फिरला आणि वर्ष संपता संपता बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढेही भटकतच राहिला. कॉलरवर मोजलेलं त्याचं एकूण चालणं ३,००० किलोमीटरवर गेलं. त्याचं नाव 'वॉकर' पडलं. तो एवढा का चालला, यावर जाणकारांचं मत असं पडलं की त्याला स्वतःची जागा आणि जोडीदारीण हवी होती. म्हणजे पुसदच्या कोणत्याही पदवीधर पोरासारखंच की! फरक इतकाच की एवढं फिरून त्याने स्वतःचा एकही फोटो टाकला नाही. लोकेशन मात्र चोवीस तास चालू होतं.

चितळ गाळायचं आणि वाघ टाकायचा, ही रीत एकदा ध्यानात आली की बाकीचे स्टेटसही वाचता येतात. आमच्या नात्यातला एक पोट्टा दिग्रसकडे शेती करतो. डिसेंबरात गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे लाईन रात्रीची. शिवाय रानडुकरं आणि रोही येतात म्हणून जागल असतेच. एका रात्री लाईन बाराला येणार होती, ती दोनपर्यंत आली नाही. हा कान बांधून धुऱ्यावर बसलेला, समोर तुराट्यांचा जाळ, वर आभाळभर चांदण्या. काय करावं म्हणून त्याने जाळाचा फोटो काढला आणि 'नाइट कॅम्पिंग, फुल पीस' असं लिहून टाकून दिला. पुण्याच्या होस्टेलवर त्याचा मावसभाऊ तेव्हा जागाच होता. त्याने लगेच लिहिलं, "लाइफ तं तुझी हाये बे!" आणि हा धुऱ्यावर बसून त्या मावसभावाचा स्टेटस पाहत होता. त्यात कॉफीचा कप, त्यावर दुधाचं बदाम आणि खाली 'वीकेंड' असं लिहिलेलं. तो कप चौघांत एक मागवलेला असावा, हा माझा अंदाज. मीही होस्टेलवर राहिलो आहे.

पुण्याजवळ पवना धरणाच्या काठी असाच जाळ करून, असंच कुडकुडत, असंच रात्रभर जागायचे लोक पैसे मोजतात. रानडुक्कर सोडलं तर सगळं तेच. पोट्ट्याने दुसऱ्या दिवशी मला हे सगळं सांगितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "काका, मंग मी सुखी आहो का?"

"लाईन आली का शेवटी?"

"आली नं. पावणेतीनले. अन् मोटर जळाली."

"त्याचा फोटो टाकला?"

"काका, तुम्ही बी!"

आमच्याकडे ही रीतच नव्हती, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. वऱ्हाडात आपलं बरं चाललं आहे असं सांगणं हा आचरटपणा समजला जाई. बाजार समितीत कापूस चांगल्या भावाने देऊन आलेल्या माणसाला विचारा, "काय भाव भेटला गा?" उत्तर ठरलेलं, "काय भेटते बाप्पा, वेचाईचा खर्च नाही निघत." पोरगा नोकरीला लागला? "लागला, पन लय दूर लागला." घर बांधलं? "बांधलं कसंबसं. आत्तापासूनच पोपडे सुटून रायले." पोरीचं लग्न जमलं? "जमलं बा एकदाचं. आता पुढचं पुढं." वावरात पऱ्हाटी छातीएवढी झालेली असे, बोंडांनी लगडलेली असे, आणि मालक धुऱ्यावर उभा राहून डोक्याला हात लावून म्हणे, "बोंडअळीचं काय सांगाव!"

यामागे दोन कारणं. एक नजर आणि दुसरं उसनवारी. सकाळी पारावर 'औंदा बरं झालं' असं बोललेल्या माणसाच्या घरी दुपारपर्यंत कोणीतरी 'जरा अडचण होती' म्हणत येऊन बसायचं. तेव्हा सगळेच रडत. ज्याचं खरंच वाईट असे तोही रडे, ज्याचं चांगलं असे तो जरा जास्त रडे. आणि गंमत अशी की संध्याकाळी पारावरून घरी परतणारा प्रत्येक माणूस मनात म्हणे, चला, सगळ्यांचंच असं आहे, आपलं तर त्यातल्या त्यात बरंच म्हणायचं. जेवून शांत झोपे. सगळ्या गावाने मिळून, एकमेकांशी खोटं बोलून, एकमेकांना सुखात ठेवलं होतं.

आता तीच माणसं, तोच पार, पारावर बसायला आता सिमेंटचे बाक, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. खोटंही तेवढंच. फक्त त्याचं तोंड फिरलं. पोपडे सुटलेल्या त्याच घराची वास्तुशांत आता ड्रोनवरून दिसते. लांब लागलेल्या त्याच पोराचा फोटो काचेच्या इमारतीसमोर. ज्याने आयुष्यभर कापसाचा खरा भाव बायकोलाही सांगितला नाही, तो नव्या ट्रॅक्टरला हार घालून, खाली 'मेहनतीचं फळ' लिहून टाकतो. कर्जाच्या हप्त्यांचा कागद कुठेच दिसत नाही. आणि संध्याकाळी मोबाइल खाली ठेवणारा प्रत्येक माणूस मनात म्हणतो, सगळ्यांचं बरं आहे, आपलंच काय ते बिघडलं. झोप कुठली लागणार?

लिऑन फेस्टिंजर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की, स्वतःला मोजायला पक्की मोजपट्टी नसली की माणूस दुसऱ्याशी ताडून पाहतो, आणि तेही शक्यतो आपल्यासारख्याशी. फेस्टिंजरसाहेबांनी नेर-परसोपंत पाहिलं असण्याचं कारण नाही, पण बोलणं सोळा आणे. आपल्यासारखा म्हणजे पूर्वी शेजारचा धुरेवाला. त्याचा पाऊस तोच, अळी तीच, अडतही तीच. त्याला दोन क्विंटल जास्त झाला तर का झाला हे डोळ्यांनी दिसे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा सुरुवातीला फुकट मिळाला, आणि बघता बघता आमच्या शेजारी मालदीवचा समुद्र राहायला आला. त्याच्याशी ताडून पाहायचं तर कुठून सुरुवात करणार? तिथे बोंडअळीच नाही.

१९९१ मध्ये स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने तर एक विचित्रच गणित सोडवलं. बहुतेक माणसांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात, असं त्याने दाखवून दिलं. वाचून मी आधी हसलो आणि मग आमच्या गल्लीवर ते लावून पाहिलं. गल्लीत एक भावी नगरसेवक आहे. (गेली कित्येक वर्षं भावीच आहे.) तो सगळ्यांचा मित्र, म्हणजे प्रत्येकाच्या यादीत तो येतोच. आणि जो घराबाहेर पडत नाही, तो कोणाच्याच यादीत नाही. त्यामुळे ज्याने त्याने आपल्या यादीकडे पाहिलं की वाटतं, लोकांचा काय गोतावळा आहे आणि आपण एकटेच! यात स्वभावाचा दोष नाही, शुद्ध अंकगणित आहे. मोबाइलने एवढंच केलं की ते अंकगणित चोवीस तास डोळ्यांपुढे धरलं. भावी नगरसेवकाचा वाढदिवस आला की सकाळपासून दुपारपर्यंत त्याचे त्रेपन्न स्टेटस पाहावे लागतात. आपल्या वाढदिवसाला विमा कंपनी आणि बँक सोडून कोणी आठवण काढत नाही.

पण सगळ्यात देखणं खोटं मी पाहिलं ते कळंबहून राळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वावरात. नोव्हेंबरचा महिना, दुसरी वेचणी चालू. सात-आठ बायका कमरेला ओटी बांधून ओळीने वेचत होत्या. वावर ओळखीच्यांचं, म्हणून मी सहज थांबलो होतो. तेवढ्यात एक मोठी गाडी आली आणि तीतून नवरदेव, नवरी, फोटोग्राफर, त्याचे दोन पोरगे आणि एक छत्री उतरली. प्री-वेडिंग! नवरदेव सुटात. नवरीच्या अंगात पायघोळ गाऊन, त्याचं शेपूट वाघापेक्षा लांब. भाड्याचा असावा, कारण तिची आई सारखी 'अवो, फाटन, फाटन' म्हणत मागून शेपूट उचलत होती.

ज्याने पऱ्हाटीतून चालून पाहिलं असेल त्याला पुढचं सांगायला नको. बोंड फुटून वाळलं की त्याची टोकं सुईसारखी होतात. वेचणाऱ्या बायकांचे हात त्यानेच ओरबाडलेले असतात. जाळीदार गाऊनला तर पऱ्हाटीने अशी मिठी मारली की नवरीला दोन ओळी ओलांडायला फोटोग्राफरचे दोन्ही पोरगे लागले. मग ड्रोन उडालं. त्याचा आवाज ऐकल्याबरोबर बायकांनी पदर नाकाला लावले. "फवारा मारून रायले का वो?" एकीने घाबरून विचारलं. हल्ली फवारणी ड्रोनने होते आणि २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. फोटोग्राफरला यातलं काही ठाऊक नसावं. तो म्हणाला, "मावशी, जरा फ्रेमच्या बाहेर व्हा."

मावशी साठीच्या. ओटी सावरत त्यांनी विचारलं, "फ्रेम कोनाची अन् वावर कोनाचं?"

वावराचा मालक नवरदेवाच्या मामाचा मित्र निघाला, त्यामुळे मावशींना व्हावं लागलं. पण खरा तमाशा पुढे झाला. फोटोग्राफरला एकदम काहीतरी सुचलं. त्याने मावशींच्याच ओटीतला कापूस घेतला, पोरग्यांच्या हाती दिला आणि तो जोडप्याच्या अंगावर वरून उडवायला सांगितला. बर्फ पडतो तसा. वेचणीची मजुरी किलोवर असते. मावशी फ्रेमच्या बाहेरून ओरडल्या, "ए पोट्टेहो, थ्यो उडवलेला आधी मोजून द्या मले!" कोणी ऐकलं नाही. पोरगे उडवत राहिले, नवरी मान वर करून दोन्ही हात पसरून गिरकी घेऊ पाहत होती आणि गाऊन पऱ्हाटीत अडकल्यामुळे अर्ध्यावर थांबत होती. शेवटी नवरीच्या आईने मावशींच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली. मावशींनी ती उन्हात धरून पाहिली आणि ब्लाउजात घातली.

पंधरा दिवसांनी व्हिडिओ आला. मानलं पाहिजे, पोरगा कलाकार होता. मागे पियानो, पांढरंशुभ्र वावर, हळूहळू उतरणारा पांढरा पाऊस, आणि त्यात पूर्ण गिरकी. ती त्याने कशी जुळवली कोण जाणे. माणूस म्हणून त्या दोघांशिवाय कोणी नाही. कापूस जणू आपला आपणच वेचला जातो. खाली कोणीतरी विचारलं होतं, 'काश्मीर?' नवरीने उत्तरादाखल नुसतं लाल बदाम टाकलं होतं. हो नाही आणि नाही नाही.

त्या पोरग्यावर मला राग काढता येत नाही. माणसं बाजूला सारून आमचं वावर टिपायची पद्धत त्याच्याही आधीपासून चालू आहे, फक्त तेव्हा कॅमेरे बाहेरून यायचे. या जिल्ह्याने किती कॅमेरे पाहिले! २००८ मध्ये राहुल गांधींनी संसदेत जळक्याच्या कलावतीबाई बांदूरकर यांचं नाव घेतलं आणि जळक्याच्या रस्त्याला गाड्या लागल्या. २०१४ च्या मार्चमध्ये नरेंद्र मोदी 'चाय पे चर्चा' करायला आर्णी तालुक्यातल्या दाभडीला आले, तेव्हा दाभडीला. मधल्या काळात कोणी ना कोणी येतच होतं. या पाहुण्यांना हवा असलेला फोटो ठरलेला असतो. भेगाळलेली जमीन, उकिडवा बसलेला शेतकरी, हात कपाळावर, नजर आभाळात. जमीन नेमकी भेगाळलेली नसली तर तळ्याच्या आटलेल्या कडेला नेतात. "काका, जरा वर पाहा." काका वर पाहतात. "हसू नका." आता आयुष्यात पहिल्यांदा कोणी फोटो काढतो आहे म्हटल्यावर काकांना हसू येणार नाही तर काय?

दुःख खोटं नव्हतं. आजही नाही, आणि त्यावर विनोद करण्याएवढं काळीज माझ्याकडे नाही. खोटं होतं ते एवढंच, की त्या फोटोत दुःखाशिवाय दुसरं काही मावत नसे. त्याच काकांच्या घरी त्याच आठवड्यात पोळ्याची झडती म्हणण्यावरून दोन चुलतभावांत कशी जुंपली आणि सगळं गाव कसं पोट धरून हसलं, हे कोणत्या चॅनेलने दाखवलं? परिणाम असा झाला की जगाच्या मोबाइलमध्ये यवतमाळ म्हणजे नुसतं रडू आणि यवतमाळच्या मोबाइलमध्ये जग म्हणजे नुसतं हसू. माझ्या पुतणीला पुण्यात रूममेटने पहिल्याच दिवशी काळजीने विचारलं, "तुमच्याकडे पाणी असतं का गं?" पुतणी म्हणाली, "असतं. कधी येईल ते मात्र सांगता येत नाही."

खरं माणूस मोबाइलवर कधीच दिसत नाही असंही नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यामुळे आधीच इतकी धूळ उडाली होती की साहित्य कुठे आहे ते दिसेना. उद्घाटन झालं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हातून. शेतकऱ्याची विधवा म्हणून कोपऱ्यात बसवलेली बाई मंचावर उभी राहिली आणि सरळ बोलली. त्या भाषणाचा व्हिडिओ नंतर कित्येक दिवस फिरत होता. त्यात त्या वर आभाळाकडे पाहत नव्हत्या. समोरच्या लोकांकडे पाहत होत्या, आणि मान खाली घालायची पाळी समोरच्यांची होती.

या सगळ्यावर उपाय काढला तो पुसद तालुक्याने. ज्या तालुक्याने वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री म्हणून राज्याला दिले, तिथल्या माणसाला ठराव केल्याशिवाय चैन पडत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात बांशी ग्रामपंचायतीने ठरवलं की अठरा वर्षांखालच्या पोरांनी मोबाइल वापरायचा नाही. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया बंद केलं ते २०२५ च्या डिसेंबरात. म्हणजे बांशी तीन वर्षं पुढे, आणि वयातही दोन वर्षं जास्त. त्याच सुमारास तिकडे सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला, की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. संध्याकाळी सातला टीव्ही बंद, ऐन मालिकांच्या वेळेला! ज्याने हे गावातल्या बायकांना पटवलं त्याला मुत्सद्दीच म्हटलं पाहिजे.

पोरांच्या हातात मोबाइल दिला कोणी, हे मात्र विसरून चालणार नाही. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि ज्या मास्तरांनी मोबाइल जप्त करण्यात हयात घालवली त्यांनीच 'प्रत्येकाकडे मोबाइल हवा' असा निरोप धाडला. त्याच साली जूनअखेर टिकटॉक बंद झालं. आमच्या गल्लीतल्या दोघा-तिघांनी सुतक पाळलं. पुढच्याच महिन्यात रील्स आलं आणि सुतक फिटलं. २०२१ मध्ये फेसबुकच्या घरातलेच कागद बाहेर पडले. इन्स्टाग्राम पाहून कित्येक किशोरवयीन मुलींना स्वतःचं शरीर आणखी नकोसं होतं, हे कंपनीच्या स्वतःच्या पाहणीत निघालं होतं आणि कंपनीला ते ठाऊक होतं. त्यामुळे बांशीच्या ठरावाला हसणाऱ्यांत मी नाही.

माझी शंका वेगळी आहे. अठराच्या वरच्यांचं काय? पोरं तरी नाचतात, हसतात, एकमेकांना दाखवतात. आमच्या वयाचा माणूस रात्री पांघरुणात एकटा बसून ज्याच्याशी दहावीत भांडण झालं होतं त्याच्या मुलाच्या परदेशातल्या घराचं स्वयंपाकघर पाहतो. मोठं करून पाहतो. फ्रिज दोन दारांचा आहे की तीन, हे कळल्याशिवाय झोपत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहाच मिनिटं वापरायला सांगितलं, आणि त्यांचं एकटेपण, उदासी कमी झालेली आढळली. सगळे विद्यार्थीच होते. आमच्या वयाच्या कोणाला रोजच्या दहा मिनिटांवर आणून दाखवा, मग बोलू.

अमेरिकेवरून आठवलं. माझी चुलतबहीण न्यू जर्सीत असते. तिचा बर्फ, तिचं गॅरेज, गॅरेजचं आपोआप उघडणारं दार पाहून आमच्या घरात वर्षानुवर्षं उसासे पडले. गेल्या डिसेंबरात ती आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "दादा, तुमचे ते वावरातले रोडग्यांचे फोटो पाहून मी तिकडे बाथरूममध्ये जाऊन रडते रे." म्हणजे इतकी वर्षं आम्ही तिचं दार पाहून झुरत होतो आणि ती आमच्या गोवऱ्या पाहून! मग रोडग्यांचा बेत करणं आलंच. वावरात गोवऱ्या पेटवल्या, त्या दमट निघाल्या. धुराने सगळ्यांचे डोळे सुजले. रोडगे वरून कोळसा आणि आतून पीठ. वांग्याच्या भाजीत मोठीआईने मीठ घातलं होतं आणि माझ्या बायकोनेही घातलं होतं. हात धुवायला पाणी नाही, म्हणून टँकर मागवला तो चारला आला. बहिणीने मात्र एक फोटो काढला. त्यात धूर असा काही पसरला होता की आम्ही सगळे ढगांत बसून जेवतो आहोत असं वाटावं. सगळ्यांचे डोळे पाणावलेले. खाली तिने लिहिलं, 'आपली माणसं'.

रात्री पुण्याच्या वहिनींचा फोन. "काय हो भावजी, आम्हाला कळवलंसुद्धा नाहीत!"

मी शपथेवर खरं तेच सांगितलं. "वहिनी, रोडगे कच्चे होते, भाजी खारट झाली, पाणी नव्हतं आणि तिघांचं पोट बिघडलं आहे."

वहिनी हसल्या. "तुम्ही विदर्भातली माणसं ना, चांगलं झालं असं कधी मोकळेपणी सांगायचीच नाहीत. ते काही नाही, रविवारी आम्ही सहा जण येतोय."

मी टँकरवाल्याला फोन लावला. रविवारी सकाळीच पाणी लागेल म्हटलं.

"पाठोतो नं काका," तो म्हणाला. "पन तुमच्या रोडग्याचा फोटो पाह्यला मी. टँकर घेऊन मी तथीच उभा होतो, अन् मले कोनी जेव म्हनलं नाही."